'हॅज' आणि 'बीन' यांच्या मधली जागा

गोरखपूर म्हणजे जबलपूरचं गोरखपूर, उत्तर प्रदेशातलं नव्हे. हे जसं बाहेरच्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं, तसंच आमच्या घरी कागद घेऊन येणाऱ्याला दर वेळी सांगावं लागतं की 'ऑलरेडी' हा शब्द 'हॅज' आणि 'बीन' यांच्या मध्ये बसतो, 'बीन'च्या मागे नाही. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांची इंग्रजी पत्रं टाइप केली. निवृत्तीनंतर दुसऱ्यांची इंग्रजी पत्रं तपासतो. फरक इतकाच की आता पगाराऐवजी चहा मिळतो, आणि तोही आमच्याच घरचा.

येणाऱ्यांत गन कॅरेज फॅक्टरीतून रिटायर झालेले काका असतात, शक्ती भवनात नोकरी केलेल्या मावशी असतात, गोलबाजारच्या दत्त मंदिरात ओळख झालेले कोणी असतात. पुण्याच्या कंपनीत नव्याने लागलेली, साहेबाला मेल पाठवण्याआधी फोनवर वाचून दाखवणारी पुतणीही असते. कागद वेगवेगळे, अडखळण्याची जागा मात्र एकच: पूर्ण वर्तमानकाळातला कर्मणी प्रयोग आणि त्यात घालायचं क्रियाविशेषण. 'हॅज बीन सबमिटेड' इथपर्यंत सगळे बिनचूक येतात. त्यात 'रीतसर', 'अद्याप', 'यापूर्वीच', 'वारंवार' घालायची वेळ आली की हात थांबतो.

थांबणं स्वाभाविक आहे. मराठीत 'अर्ज आधीच दिलेला आहे' म्हणा, 'आधीच अर्ज दिलेला आहे' म्हणा, अर्थ कळतो. जोर कुठे द्यायचा ते 'च' सांभाळतो. इंग्रजीत 'च' नाही. तिथे जोर आणि अर्थ दोन्ही जागेवर ठरतात. म्हणून व्याकरणाची आख्खी पोथी न उघडता, पत्र लिहिताना लागतं तेवढंच इथे सांगतो.

आधी ठरवा: हा प्रयोग हवाच आहे का?

'हॅज बीन' म्हटलं की कागद वजनदार दिसतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. १९५६ साली १ नोव्हेंबरला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, हायकोर्ट नागपूरचं जबलपूरला आलं, आणि त्याच्यामागे वकील, स्टेनो, कारकून अशी कितीतरी मराठी घरंही आली. त्या घरांतून ही कोर्टी इंग्रजी आमच्याकडे वारसाहक्काने उतरली आहे. पण ती सगळीकडे शोभत नाही. हा प्रयोग वापरा तो दोनच वेळा:

- काम आधी झालं (किंवा व्हायचं राहिलं) आणि त्याचा परिणाम आज भोगावा लागतो आहे;
- काम कोणी केलं हे माहीत नाही, किंवा सांगायची गरज नाही.

काम तुम्ही स्वतः केलं असेल तर सरळ 'आय सबमिटेड' किंवा 'आय हॅव सबमिटेड' लिहा. 'आय हॅव बीन सबमिटेड द फॉर्म' असं लिहिलेले अर्ज मी निदान पन्नास पाहिले असतील. त्याचा अर्थ तुम्हालाच कोणीतरी फॉर्मसारखं खिडकीवर जमा केलं, असा होतो.

तक्रारीत तर हा प्रयोग उलटतोही. 'अ मिस्टेक हॅज बीन मेड' असं ऑफिसने लिहिलं तर समजू शकतो, कारण चूक कोणाची हे त्यांना लपवायचं असतं. तुम्ही कशाला त्यांच्यासाठी लपवता? चूक शाखेची असेल तर 'द ब्रँच हॅज मेड अ मिस्टेक' असं लिहा.

दोन सांधे

'हॅज बीन सबमिटेड' ही तीन डब्यांची गाडी समजा. तीन डब्यांच्या मध्ये सांधे दोन. पहिला 'हॅज' आणि 'बीन' यांच्या मधला, दुसरा 'बीन' आणि 'सबमिटेड' यांच्या मधला. क्रियाविशेषण कोणत्या सांध्यात घालायचं ते एका प्रश्नावर ठरतं.

शब्द 'कधी? किती वेळा? खरंच का?' याचं उत्तर देत असेल तर पहिला सांधा:

- द ॲप्लिकेशन हॅज ऑलरेडी बीन सबमिटेड.
- द नोटिस हॅज नेव्हर बीन सर्व्ह्ड ऑन मी.
- द फाइल हॅज प्रॉबॅब्ली बीन मिसप्लेस्ड.

शब्द 'कसं? कितपत?' याचं उत्तर देत असेल तर दुसरा सांधा:

- द डॉक्युमेंट्स हॅव बीन केअरफुली एक्झॅमिन्ड.
- द वॉल हॅज बीन बॅडली डॅमेज्ड.
- द अमाउंट हॅज बीन फुली रिफंडेड.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची असतील तर दोन्ही सांधे भरा. 'द क्लेम हॅज नॉट येट बीन प्रॉपरली एक्झॅमिन्ड' हे वाक्य पाठच करून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या एका वाक्यात मावतात.

'हॅज बीन ऑलरेडी सबमिटेड' चूक आहे का, असं विचारतात. बोलण्यात खपतं, भारतात तर सर्रास खपतं. हिंदीतलं 'दिया जा चुका है' डोक्यात असतं. त्यातला 'चुका' क्रियापदाला चिकटून येतो, म्हणून आपणही 'ऑलरेडी' क्रियापदाला चिकटवतो. पण औपचारिक कागदावर 'हॅज ऑलरेडी बीन' हेच लिहा. तिथे कोणी बोट ठेवणार नाही.

लांबलचक शब्दसमूह मात्र सांध्यात कोंबू नका. 'बाय रजिस्टर्ड पोस्ट', 'इन डिटेल', 'ॲट द गोरखपूर ब्रँच' हे सगळं वाक्याच्या शेवटी जातं. ते एकापेक्षा जास्त असतील तर आधी कसं, मग कुठे, मग कधी.

रोजचे मराठी शब्द आणि त्यांची जागा

अर्जात पुन्हापुन्हा लागणारे शब्द देतो. उताऱ्यासारखं जपून ठेवा.

- यापूर्वीच: 'ऑलरेडी', पहिला सांधा.
- नुकतेच: 'रीसेन्टली' किंवा 'जस्ट', पहिला सांधा.
- अद्याप (नाही): 'येट'. 'हॅज नॉट येट बीन' असं 'नॉट'ला लागून. वाक्याच्या शेवटी टाकला तरी चुकत नाही, पण सूर घरगुती होतो.
- अजूनही (नाही): 'स्टिल'. हा 'नॉट'च्या आधी येतो: 'हॅज स्टिल नॉट बीन पेड'. यात थोडा वैताग आहे. पहिल्या पत्रात 'येट', तिसऱ्या पत्रात 'स्टिल'.
- रीतसर: 'ड्यूली', शक्यतो दुसरा सांधा: 'हॅज बीन ड्यूली साइन्ड'.
- वारंवार: 'रिपीटेडली', दोन्हीकडे चालतो.
- सविस्तर: 'इन डिटेल', शेवटी.
- आजतागायत: 'टु डेट' किंवा 'सो फार'. आपलं 'टिल डेट' भारताबाहेर खटकतं.
- पूर्ण (रक्कम): 'इन फुल', शेवटी: 'हॅज बीन पेड इन फुल'.

आणि तो शब्द क्रियाविशेषणच आहे ना, हे बघा. मराठीत 'काम चांगलं झालं' म्हणताना 'चांगलं' हा शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्हीकडे राबतो. इंग्रजीत 'हॅज बीन प्रॉपर चेक्ड' चालत नाही, 'प्रॉपरली' हवं. 'हॅज बीन गुड मेंटेन्ड' नाही, 'वेल मेंटेन्ड'. पण प्रत्येक शब्दाला 'ली'चं शेपूट लावत सुटू नका. 'द पेन्शन हॅज बीन पेड लेट' म्हणजे पेन्शन उशिरा मिळालं. 'द पेन्शन हॅज लेटली बीन पेड' म्हणजे पेन्शन अलीकडे मिळालेलं आहे. पहिलं वाक्य तक्रार आहे, दुसरं जवळजवळ पावती.

जागा बदलली की अर्थ बदलतो

'रिपीटेडली'सारखे शब्द दोन्ही सांध्यांत चालतात म्हणून सगळेच चालतील असं धरू नका. 'क्लिअरली' घ्या.

'द रूल हॅज बीन क्लिअरली एक्स्प्लेन्ड': नियम स्पष्टपणे, समजेल असा सांगितला आहे.

'द रूल हॅज क्लिअरली बीन एक्स्प्लेन्ड': नियम सांगितलेला आहे हे उघड आहे. कसा सांगितला, समजला की नाही, याबद्दल वाक्य मुकाट्याने बसलं आहे.

दुसऱ्या सांध्यात शब्द क्रियेचं वर्णन करतो, पहिल्यात तो बोलणाऱ्याचं मत होऊन बसतो. ऑफिसचं उत्तर वाचताना हे ध्यानात ठेवा. 'युवर केस हॅज बीन सीरिअसली कन्सिडर्ड' यात 'सीरिअसली' कुठे आहे, आणि त्याला पुरावा काही आहे का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

'ओन्ली'चंही तसंच. दोनच हप्ते मिळाले असतील तर 'ओन्ली' पार पुढे, आकड्याच्या आधी आणा: 'ओन्ली टू इन्स्टॉलमेंट्स हॅव बीन पेड'. 'टू इन्स्टॉलमेंट्स हॅव ओन्ली बीन सँक्शन्ड' याचा अर्थ वेगळा: दोन हप्ते मंजूर झालेत फक्त, हातात काही आलेलं नाही.

'नॉट' आला की सावध

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. नोकरीत नवा होतो. एका प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप करायला आला. म्हणणं असं होतं की समोरच्या पक्षाने रक्कम मुद्दाम दिलेली नाही. मी टाइप केलं: 'द अमाउंट हॅज नॉट बीन डेलिबरेटली विथहेल्ड.' ज्येष्ठ वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "आपण कोणाच्या बाजूने आहोत?"

मी लिहिलं होतं त्याचा अर्थ होता: रक्कम मुद्दाम अडवलेली नाही, म्हणजे अडवली असेल तर चुकून. सगळं आमच्याच अशिलाच्या विरुद्ध. हवं होतं ते असं: 'द अमाउंट हॅज डेलिबरेटली नॉट बीन पेड', किंवा 'नॉट'चं लोढणंच काढून 'द अमाउंट हॅज बीन डेलिबरेटली विथहेल्ड'. दुसरं जास्त चांगलं.

नियम एवढाच की 'नॉट' आपल्यामागे येणाऱ्या शब्दांना नाकारतो. क्रियाविशेषण 'नॉट'च्या मागे पडलं तर तेही नाकारलं जातं. पुढे असलं तर सुटतं. पडताळायला वाक्य मराठीत मोठ्याने वाचा: 'मुद्दाम नाही दिलं' आणि 'मुद्दाम दिलं नाही' यांतलं नक्की कोणतं म्हणायचं आहे? आपल्या कानाला हा फरक आईच्या भाषेत लगेच कळतो. त्याच कानाचा उपयोग करा.

आणि 'हॅज बीन नॉट रिसीव्ह्ड' लिहू नका. 'नॉट' नेहमी 'बीन'च्या आधी.

तारीख आली की 'हॅज बीन' सोडा

शब्द चुकीच्या सांध्यात गेला तर बहुतेक वेळा वाक्य जरा लंगडतं, एवढंच. ही पुढची चूक मात्र सगळ्यांत जास्त दिसते आणि इंग्रजी जाणणाऱ्याला सगळ्यांत जास्त खुपते: 'माय फॉर्म हॅज बीन सबमिटेड यस्टर्डे.'

मराठीत 'फॉर्म काल दिलेला आहे' अगदी शुद्ध. हिंदीत 'कल दिया गया है' अगदी शुद्ध. म्हणून चूक आहे हे कळतच नाही. इंग्रजीतला 'हॅज' मात्र आजच्या दिवसाला बांधलेला आहे. 'काल' म्हटलं, तारीख टाकली, साल टाकलं की तो दोर तुटतो आणि 'हॅज बीन'च्या जागी 'वॉज' किंवा 'वेअर' येतं.

- 'वॉज' घेणारे शब्द: यस्टर्डे, लास्ट वीक, टू मंथ्स अगो, इन २०१५, ऑन १२ मार्च.
- 'हॅज बीन' घेणारे शब्द: टुडे, धिस वीक, सो फार, ऑलरेडी, नॉट येट, सिन्स एप्रिल.
- दोन्हीकडे चालणारा: रीसेन्टली.

म्हणून हायकोर्ट 'वॉज शिफ्टेड टु जबलपूर इन १९५६'. 'हॅज बीन शिफ्टेड इन १९५६' नाही, मग ते आजही इथेच का असेना.

आमच्या भागातलंच उदाहरण घ्या. गोरखपूरजवळच्या फाटकाला लोक अजून 'छोटी लाईन फाटक' म्हणतात. जबलपूर–गोंदिया ही नॅरोगेजची छोटी लाईन जबलपूरच्या बाजूने २०१५ मध्ये बंद झाली, नंतर तिथे ब्रॉडगेज आली. इंग्रजीत: 'द नॅरो-गेज लाइन वॉज क्लोज्ड इन २०१५ अँड हॅज सिन्स बीन कन्व्हर्टेड टु ब्रॉड गेज.' पहिल्या अर्ध्यात साल आहे, म्हणून 'वॉज'. दुसऱ्यात साल नाही, परिणाम आज रुळांवर दिसतो आहे, म्हणून 'हॅज बीन'. आणि मधला एकटा 'सिन्स' म्हणजे 'तेव्हापासून आतापर्यंतच्या काळात कधीतरी'. तो पहिल्या सांध्यात बसतो. हा 'सिन्स' औपचारिक इंग्रजीत फार उपयोगाचा, आणि आपल्याकडे कोणी शिकवत नाही.

अर्जासाठी यातून एक साधी पद्धत निघते. घटना एका वाक्यात तारखेसकट 'वॉज'ने सांगा. आजची स्थिती दुसऱ्या वाक्यात तारखेशिवाय 'हॅज बीन'ने सांगा. 'द ॲप्लिकेशन वॉज सबमिटेड ऑन १२ मार्च. इट हॅज नॉट येट बीन डिस्पोज्ड ऑफ.' दोन्ही एकाच क्रियापदात कोंबायचा मोह झाला की चूक झालीच म्हणून समजा.

यालाच जोडून:

- 'टू मंथ्स बॅक' नाही, 'टू मंथ्स अगो', आणि त्यासोबत 'वॉज'.
- 'फ्रॉम लास्ट थ्री मंथ्स' नाही, 'फॉर द लास्ट थ्री मंथ्स'. 'पासून' म्हटलं की आपल्याला 'फ्रॉम' सुचतो, तिथेच घात होतो.
- 'सिन्स थ्री मंथ्स' नाही. 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण येतो: 'सिन्स एप्रिल', 'सिन्स हर डेथ'. 'फॉर'पुढे मुदत.

बाबू लोकांचे लाडके शब्द

हिअरबाय. हा शब्द लिहिता लिहिताच काम उरकतो: 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड', म्हणजे हे वाचलंत की कळवलं गेलं. म्हणून 'यू हॅव हिअरबाय बीन इन्फॉर्म्ड' जमत नाही. 'बीन'वालं काम आधीच होऊन गेलेलं असतं. शिवाय नागरिकाने ऑफिसला 'हिअरबाय' लिहायची गरज क्वचितच पडते. तो हुकमाचा शब्द आहे.

काइंडली. हा विनंतीत शोभतो. 'यू हॅव बीन काइंडली रिक्वेस्टेड' म्हटलं तर दुसऱ्या सांध्यातला 'काइंडली' विनंती कशी केली ते सांगतो, म्हणजे 'मी मोठ्या दयाळूपणे तुम्हाला विनंती केलेली आहे'. आपलीच आरती आपण ओवाळल्यासारखं.

ड्यूली. चांगला शब्द, पण प्रत्येक ओळीत नको. जिथे रीत खरोखर पाळावी लागते, म्हणजे सही, शिक्का, साक्षीदार, मुद्रांक, तिथेच.

मध्येच एक भीती दूर करतो. मदतनीस क्रियापदं तोडून मध्ये शब्द घालणं अशुद्ध, असं काही जुने मास्तर सांगत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवलेल्या आणि रेन अँड मार्टिन तोंडपाठ असलेल्या एका नातेवाइकाने मला त्यावरून घरच्या मंगळागौरीत, बायकांच्या फुगड्या चालू असताना, कोपऱ्यात घेऊन बजावलं होतं. पण इंग्रजी वापराचा बडा अधिकारी एच. डब्ल्यू. फाउलर याने १९२६ च्या आपल्या कोशातच हा समज निराधार ठरवला आहे. 'हॅज' आणि 'बीन' यांच्या मधली जागा क्रियाविशेषणासाठीच आहे. खुशाल वापरा.

इंग्रजीच कशाला? तुमचे हक्क

एवढं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की बऱ्याच ठिकाणी इंग्रजीची सक्ती नाही. पत्र इंग्रजीत नसेल तर फेकून देतील, या भीतीने लोक अर्धवट इंग्रजीत लिहितात आणि म्हणणंच बिघडवून ठेवतात.

- तक्रार-निवेदन. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात, जिथलं असेल तिथे, वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. जबलपुरात व्यवहाराचं बोलायचं तर हिंदीत द्या, काम लवकर होतं.
- माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली की नकार मिळाला असं धरून पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपील इंग्रजीत करणारच असाल तर वाक्य हे: 'नो इन्फर्मेशन हॅज सो फार बीन फर्निश्ड.'
- केंद्र सरकारची कार्यालयं. १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे हिंदीत आलेल्या पत्राला हिंदीतच उत्तर द्यायचं असतं. इंग्रजी उत्तर आलं आणि कळलं नाही, तर हिंदीत मागा.
- हायकोर्ट. मध्य प्रदेशात १९७१ पासून हायकोर्टाच्या कामकाजात हिंदीला परवानगी आहे. तरी बहुतेक वकिलांचे मसुदे इंग्रजीत असतात, म्हणून पुढचा मुद्दा.
- प्रतिज्ञापत्र. त्याच्या शेवटी बहुधा असं वाक्य असतं: 'द कंटेंट्स हॅव बीन रेड ओव्हर अँड फुली एक्स्प्लेन्ड टु मी.' हा 'फुली' दुसऱ्या सांध्यातला आहे. मजकूर पूर्णपणे समजावून सांगितला, असं तुम्ही शपथेवर म्हणता आहात. समजावलं नसेल तर सही करू नका. टायपिस्टच्या टेबलाशी रांग आहे, वकीलसाहेब घाईत आहेत, ही कारणं नंतर कोणी ऐकत नाही.

एक पत्र, आधी आणि नंतर

गेल्या हिवाळ्यात एक काका आले. बँकेचं नाव सांगत नाही. पेन्शन तीन महिने थांबलेलं. कागदावर निळ्या शाईने लिहिलेलं:

'माय लाइफ सर्टिफिकेट हॅज बीन सबमिटेड ऑन ५ नोव्हेंबर. बट माय पेन्शन हॅज बीन नॉट क्रेडिटेड फ्रॉम लास्ट थ्री मंथ्स. ऑल पेपर्स हॅव बीन ऑलरेडी प्रॉपर गिव्हन. यू हॅव बीन काइंडली रिक्वेस्टेड टु डू द नीडफुल.'

चार वाक्यं, आणि वर सांगितलेली जवळजवळ प्रत्येक चूक. काकांना म्हटलं, "तुमचं म्हणणं एकदा मराठीत सांगा." त्यांनी सांगितलं ते अगदी सरळ होतं: दाखला पाच तारखेला दिला, पोच आहे, पैसे नाहीत, कारण कोणी सांगत नाही. तेच इंग्रजीत उतरवलं:

'माय लाइफ सर्टिफिकेट वॉज सबमिटेड ॲट युवर ब्रँच ऑन ५ नोव्हेंबर; अ कॉपी ऑफ द ॲक्नॉलेजमेंट इज एन्क्लोज्ड. माय पेन्शन हॅज नॉट बीन क्रेडिटेड फॉर द लास्ट थ्री मंथ्स, अँड नो रीझन हॅज सो फार बीन गिव्हन टु मी. आय रिक्वेस्ट यू टु क्रेडिट द एरिअर्स अँड टु इन्फॉर्म मी इन रायटिंग.'

पाहिलंत ना, 'ऑलरेडी' आणि 'प्रॉपर' दोन्ही गेले. पोच जोडल्यावर 'सगळं आधीच रीतसर दिलंय' हे सांगायची गरज उरत नाही. क्रियाविशेषण कुठे घालायचं या प्रश्नाचं कितीदा तरी खरं उत्तर 'कुठेच नाही' हे असतं. जिथे पुरावा आहे तिथे विशेषणं-क्रियाविशेषणं ओझं होतात.

काकांना 'डू द नीडफुल' काढलेलं मात्र आवडलं नाही. "तेवढं राहू द्या," म्हणाले, "त्याशिवाय अर्ज वाटत नाही." राहू दिलं नाही.

पाठवण्यापूर्वी

पत्रातल्या प्रत्येक 'हॅज बीन'खाली पेन्सिलीने रेघ मारा. त्याच वाक्यात तारीख, 'यस्टर्डे' किंवा 'अगो' सापडलं तर 'वॉज' करा. 'नॉट' असेल तर वाक्य मराठीत मोठ्याने म्हणून पाहा. मग सांधे तपासा. सगळ्यांत शेवटी, अर्ज हाताने देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आणि गोरखपुरात मसुदा घेऊन येणार असाल तर दोन ओळींत भरपूर जागा सोडून लिहून आणा. माझी खाडाखोड मोठ्या अक्षरात असते.